पडद्यावरची बाई आणि मांडीवरचं मूल

आमच्या केंद्रावर बाळांविषयीचा कार्यक्रम झाला की एक प्रश्न हमखास येतो. मूल दीड वर्षाचं आहे, मोबाइलवर बडबडगीतं लावली की शांत बसतं, रंगांची आणि प्राण्यांची नावंही त्यात असतात. मग यातून ते बोलायला शिकतं की नाही? विचारणारीच्या आवाजात थोडी आशा असते आणि थोडी भीतीही असते. सासूबाई म्हणतात फोनमुळे पोर मुकं होईल, शेजारीण म्हणते तिच्या नातवाला फोनमुळेच इंग्रजी रंग पाठ झाले. दोघींच्या मध्ये आई उभी.

या प्रश्नाला दोन ओळींचं उत्तर देता येईल. पण आज आम्ही त्याचा इतिहास सांगणार आहोत. तान्ह्या बाळांना पडद्यावरून भाषा शिकवण्याचं वचन कुणी दिलं, ते कुणी विकत घेतलं आणि ते तपासायला निघालेल्यांना काय सापडलं, हे कळलं की उत्तर आपलं आपल्यालाच देता येतं. गोष्ट बहुतेक अमेरिकेत घडते. पण तिथं जे विकलं गेलं तेच आज आपल्या हातातल्या फोनवर फुकट येतं, म्हणून ती आपलीही आहे.

सुरुवात चांगल्या ठिकाणाहून करू. १० नोव्हेंबर १९६९ रोजी अमेरिकेत ‘सेसमी स्ट्रीट’ हा कार्यक्रम सुरू झाला. जोन गँझ कूनी या बाईंनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर तो उभा केला. गरीब घरांतली मुलं शाळेत पाऊल ठेवतानाच मागे पडलेली असतात, घराघरात पोचलेल्या टीव्हीनं त्यांना थोडा हात देता येईल का, असा तो विचार होता. बोलक्या बाहुल्या, अक्षरं, आकडे आणि गाणी. विशेष म्हणजे कार्यक्रम करणाऱ्यांनी पहिल्यापासून संशोधकांना बरोबर घेतलं आणि मुलं खरंच काही शिकतात का, हे मोजलं. शिकत होती. जी मुलं कार्यक्रम जास्त पाहत, त्यांना अक्षरं आणि आकडे जास्त येत. पुढं १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तीन वर्षांच्या आसपासची मुलं त्यातून नवे शब्दही उचलतात असं दिसलं.

आपल्याकडेही त्या वाटेनं काम झालं. पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी सुरू झाली, तिचे कार्यक्रम दूरदर्शनवरून शाळेतली मुलं पाहत. २००६ मध्ये सेसमी स्ट्रीटचीच भारतीय बहीण ‘गली गली सिम सिम’ हिंदीत आली.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ तिथं आहे. सेसमी स्ट्रीट तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी होता. बालचित्रवाणी शाळकरी मुलांसाठी. या वयाचं मूल बोलतं, वाक्यं करतं, गोष्ट ऐकतं. पडद्यावरची बाहुली म्हणजे कुणाचं तरी चित्र आहे, हे त्याला कळतं. या मुलांना टीव्हीतून फायदा झाला, म्हणून नऊ महिन्यांच्या बाळालाही होईल, असं काही सिद्ध झालं नव्हतं. कुणी तसं म्हणतही नव्हतं.

म्हणायला सुरुवात झाली १९९०च्या दशकात.

तेव्हा अमेरिकेत बाळाच्या मेंदूची फार चर्चा होती. पहिल्या तीन वर्षांत मेंदूची जडणघडण झपाट्यानं होते, हे खरंच आहे. पण या खऱ्या गोष्टीला दुसरी एक चिकटली. १९९३ मध्ये एका शास्त्रीय नियतकालिकात छोटा लेख आला होता. कॉलेजातल्या काही विद्यार्थ्यांनी दहा मिनिटं मोझार्टचं संगीत ऐकलं आणि नंतर घडीच्या कागदाची, आकृत्यांची कोडी जरा बरी सोडवली. हा परिणाम पंधरा मिनिटांत ओसरला. अभ्यास मोठ्या मुलांचा होता, त्यात एकही बाळ नव्हतं. तरी लोकांच्या तोंडी ते झालं, ‘मोझार्ट ऐकवला की बाळ हुशार होतं.’ १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी तर राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला शास्त्रीय संगीताची ध्वनिफीत द्यावी म्हणून सरकारी खर्चाचा प्रस्ताव मांडला.

त्याच जॉर्जियात ज्युली एग्नर-क्लार्क नावाची एक आई राहत होती. आधी ती शिक्षिका होती, मुलगी झाल्यावर घरी होती. आपल्या लेकीला संगीत, कविता, निरनिराळ्या भाषा कानांवर पडाव्यात असं तिला वाटे. तशा चित्रफिती बाजारात नव्हत्या. म्हणून तिनं आणि नवऱ्यानं घरच्या बचतीतून, आपल्याच तळघरात, एक चित्रफीत तयार केली. खेळणी, बाहुल्या, रंगीत वस्तू, मागं संगीत, आणि वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या आयांच्या आवाजातली गाणी आणि अंक. १९९७ मध्ये ती विक्रीला आली. नाव ठेवलं ‘बेबी आइनस्टाइन’.

नावातच सगळं आलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बीबीसीनं ‘टेलिटबीज’ आणलं. तोही वर्षभराच्या बाळांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला कार्यक्रम. म्हणजे १९९७ हे वर्ष तान्ह्या बाळांच्या पडद्याचं म्हणायला हरकत नाही. दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं दोन वर्षांखालच्या मुलांना टीव्ही दाखवू नका असा सल्ला दिला. पण चित्रफिती खपत राहिल्या. २००१ मध्ये डिस्नी या बड्या कंपनीनं बेबी आइनस्टाइन विकत घेतली. पुढच्या काही वर्षांत दोन वर्षांखालच्या दर तीन अमेरिकन बाळांपैकी जवळपास एकाच्या घरी तिची एखादी तरी चित्रफीत होती. जानेवारी २००७ मध्ये अध्यक्ष बुश यांनी संसदेपुढच्या वार्षिक भाषणात ज्युलीबाईंचं नाव घेऊन कौतुक केलं.

बायकांनी या चित्रफिती का घेतल्या, हेही आपण समजून घेऊ. त्या भोळ्या होत्या म्हणून नव्हे. एकटी आई, नवरा कामावर, सासू-माहेर शेकडो मैल लांब. तिला अंघोळीला, स्वयंपाकाला अर्धा तास हवा असतो. टीव्ही लावला की मनाला खातं. मग कुणी म्हणालं, की हा टीव्ही नाही, हे शिक्षण आहे, तर ते अर्ध्या तासाचं ओझं हलकं होतं. त्या दुकानात शिक्षणाच्या नावाखाली आईला मिळत होती ती उसंत. हा व्यवहार ओळखीचा वाटतो ना?

आता तपासणाऱ्यांकडे वळू.

सिएटल शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल या संशोधक बाळं आवाज कसे ओळखतात याचा अभ्यास करत होत्या. जन्मल्यावर पहिले काही महिने बाळाला जगातल्या बहुतेक भाषांचे आवाज वेगवेगळे ऐकू येतात. आपलं ‘ल’ आणि ‘ळ’ घ्या. हा फरक मोठ्या वयात मराठी शिकणाऱ्याला जड जातो, पण लहान बाळाचे कान तो टिपू शकतात. वर्षाच्या आसपास मात्र कान घरच्या भाषेवर बसतात, आणि घरात जे आवाज नाहीत त्यांतला फरक पुसट होत जातो.

कूलबाईंनी नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं घेतली. त्यांच्या घरी फक्त इंग्रजी. काही बाळांशी चिनी म्हणजे मँडरिन बोलणाऱ्या बायका समोर जमिनीवर बसून खेळल्या, पुस्तकं दाखवली, खेळणी दिली. पंचवीस पंचवीस मिनिटांच्या बारा बैठका. नंतर तपासलं, तर या बाळांना मँडरिनमधले दोन जवळचे आवाज वेगळे ओळखता येत होते. तैवानमध्ये जन्मापासून तीच भाषा ऐकणाऱ्या बाळांइतकेच चांगले.

मग दुसरा गट. त्याच बायका, तीच पुस्तकं, तीच खेळणी, तेवढाच वेळ, पण या वेळी टीव्हीच्या पडद्यावर. बाळं पडद्याकडे टक लावून पाहत होती. शेवटी तपासलं तर काहीच शिकली नव्हती. ज्यांनी मँडरिन कधी ऐकलंच नाही, त्यांच्यात आणि यांच्यात फरक नव्हता.

आणि मैत्रिणींनो, तिसराही एक गट होता. त्याला चित्र नव्हतं, नुसता आवाज होता. म्हणजे आमच्यासारखं! ती बाळंही काही शिकली नाहीत. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. आम्ही रेडिओवाल्या बायका हे तुम्हाला प्रामाणिकपणे सांगतो. आत्ता तुमच्या मांडीवर बाळ असेल, तर आमच्या या भाषणातून ते मराठी शिकत नाहीये. ते शिकेल तुम्ही रेडिओ ऐकता ऐकता त्याच्याकडे पाहून, ‘ऐकलंस का काय म्हणतात त्या?’ असं विचाराल तेव्हा.

याहून जुना एक दाखला आहे, १९८१ सालचा. अमेरिकेतल्या काही भाषा-अभ्यासकांनी एका मुलाविषयी लिहिलं. त्याचे आईवडील दोघंही कर्णबधिर, मुलाला मात्र चांगलं ऐकू यायचं. घरी माया होती, सगळं होतं. कर्णबधिरांची खुणांची भाषा ही पूर्ण भाषा असते. पण आईवडील या मुलाशी तिच्यातून फारसं बोलत नसत. इंग्रजी त्याच्या कानांवर पडायची ती मुख्यतः टीव्हीतून. पावणेचार वर्षांचा असताना अभ्यासकांनी त्याला पाहिलं. त्याला शब्द येत होते, पण वाक्यांची जुळणी विचित्र होती, वयाच्या मानानं बोलणं मागं होतं. मग मोठ्या माणसांनी त्याच्याशी नेमानं गप्पा मारायला सुरुवात केली आणि थोड्याच महिन्यांत ते झपाट्यानं सुधारलं. इतकी वर्षं टीव्ही समोर होता. कमी होतं ते त्याच्याशी बोलणारं माणूस.

पुन्हा आपल्या बेबी आइनस्टाइनकडे. ऑगस्ट २००७ मध्ये, अध्यक्षांनी कौतुक केलं त्याच वर्षी, सिएटलच्याच विद्यापीठातले झिमरमन, ख्रिस्ताकिस आणि मेल्टझॉफ यांचा अभ्यास आला. त्यांनी एक हजाराहून अधिक पालकांना फोनवरून विचारलं, की बाळ काय पाहतं, किती पाहतं, आणि नव्वदेक शब्दांच्या यादीतले कोणते शब्द त्याला कळतात. आठ ते सोळा महिन्यांच्या बाळांत दिसलं ते असं, की रोज पाहिलेल्या बाळ-चित्रफितींच्या प्रत्येक तासामागे सहा ते आठ शब्द कमी. मोठा गदारोळ झाला. डिस्नीचे प्रमुख रॉबर्ट आयगर यांनी विद्यापीठानं काढलेलं पत्रक मागं घ्यावं अशी मागणी केली. विद्यापीठाचे अध्यक्ष मार्क एमर्ट यांनी नकार दिला.

इथं आम्हाला जरा थांबायचं आहे. कारण वर्तमानपत्रांत त्याचं झालं, ‘चित्रफिती पाहून मुलं मुकी होतात.’ अभ्यासात तसं नव्हतं. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नाही. कदाचित ज्या बाळाचं बोलणं मागं होतं, त्याच्याच आईनं काळजीनं चित्रफिती जास्त लावल्या असतील. सतरा ते चोवीस महिन्यांच्या मुलांत तर असा संबंध दिसलाच नाही. पुढं हीच माहिती दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा तपासली आणि २०१४ मध्ये लिहिलं, की हिशेबाची पद्धत जरा बदलली तर तो निष्कर्ष ठाम उभा राहत नाही. तेव्हा सासूबाईंची भीती या अभ्यासावरून सिद्ध होत नाही. चित्रफितीनं शब्द हिरावले असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

मग तिनं शब्द दिले का? याचं उत्तर देणारा नीटस प्रयोग २०१० मध्ये आला. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या ज्युडी डिलोश आणि सहकाऱ्यांनी बारा ते अठरा महिन्यांची मुलं घेतली आणि बाजारात खूप खपणारी, घरातल्या पंचवीस वस्तूंची नावं शिकवणारी एक चित्रफीत घेतली. मुलांचे चार गट केले. एका गटानं चित्रफीत एकट्यानं पाहिली, दुसऱ्यानं आईबापांबरोबर. तिसऱ्या गटाला चित्रफीत दिलीच नाही. त्यांच्या पालकांना फक्त शब्दांची यादी दिली आणि सांगितलं, तुम्हाला जमेल तसं, सहज जाता येता हे शब्द शिकवा. चौथ्या गटाला काहीच नाही. चार आठवड्यांनी चाचणी घेतली.

चित्रफीत पाहणारी मुलं, एकटी असोत की आईबापांबरोबर, काहीच न मिळालेल्या मुलांपेक्षा जास्त शब्द शिकली नव्हती. सर्वांत जास्त शब्द शिकली ती यादीवाल्या घरांतली. तिथं ना पडदा, ना पैसे. एक कागद आणि आईबापांचं तोंड!

या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली आणि ती आपल्या शेजारणीच्या बोलण्याशी जुळते. ज्या पालकांना ती चित्रफीत फार आवडली होती, त्यांना वाटत होतं की आपलं मूल तिच्यातून खूप शिकलं. चाचणीत तसं नव्हतं. याचं कारण अवघड नाही. दीड वर्षाच्या आसपास मुलाचे शब्द आपसूकच भराभर वाढतात. त्या काळात जे समोर असेल त्याला श्रेय मिळतं. फोन समोर असेल तर फोनला. दिवसभर ‘भू भू बघ, गाडी बघ’ करणाऱ्या आजीला ते श्रेय कुणी देत नाही.

दरम्यान ऑक्टोबर २००९ मध्ये डिस्नीनं जाहीर केलं होतं, की आधीच्या पाच वर्षांत बेबी आइनस्टाइनची डीव्हीडी घेतलेल्यांना पैसे परत मिळतील. प्रत्येकीचे १५.९९ डॉलर, एका घराला चारपर्यंत. कंपनी म्हणाली की ही ग्राहकांच्या समाधानाची हमी आहे, चुकीची कबुली नव्हे. बालकांना जाहिरातबाजीपासून वाचवण्यासाठी झटणारी एक संघटना तिच्या मागं लागली होती, तिनं मात्र हा आपला विजय मानला.

पण वचन विकणं काही थांबलं नाही. ‘युअर बेबी कॅन रीड’ नावाचा दोनेकशे डॉलरचा संच आला, तान्ह्या बाळाला वाचायला शिकवणारा. २०१२ मध्ये तिथल्या सरकारी व्यापार आयोगानं त्याच्या दाव्यांना पुरावा नाही म्हणून कारवाई केली. २०१४ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा संचाची ११७ बाळांवर सात महिने पाहणी केली. बाळं वाचायला शिकली नव्हती. त्यांच्या आयांना मात्र शिकली असं वाटत होतं.

आता प्रश्न असा, की पडद्यावर तीच बाई, तेच शब्द, मग बाळ शिकत का नाही? पडदा त्याला कळत नाही का? याबद्दल एक सुंदर प्रयोग २०१४ मध्ये झाला. सारा रोझबेरी, कॅथी हर्श-पासेक आणि रॉबर्टा गोलिंकॉफ या तिघींनी तो केला. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना त्यांनी अगदी नवी, मुद्दाम बनवलेली क्रियापदं शिकवली, म्हणजे ती मुलाला आधीपासून माहीत असण्याचा प्रश्नच नाही. एका गटाला बाईंनी समोर बसून शिकवलं. दुसऱ्याला व्हिडिओ कॉलवर. तिसऱ्या गटाला दुसऱ्याच कुणा मुलाशी झालेल्या व्हिडिओ कॉलचं ध्वनिचित्रमुद्रण दाखवलं.

तिसऱ्या गटात काय होत असेल, डोळ्यांसमोर आणा. बाई प्रश्न विचारते आणि थांबते, पण ती थांबते त्या दुसऱ्या मुलासाठी. आपलं पोर काहीतरी बोलतं, तोवर तिचं पुढचं सुरू झालेलं असतं. पोर गप्प बसलेलं असताना ती म्हणते, शाब्बास! त्या गटातली मुलं शब्द शिकली नाहीत. समोर बसलेल्या बाईकडून मुलं शिकली. आणि व्हिडिओ कॉलवाली मुलंही शिकली! पडदा तोच होता, पण त्यातली बाई त्या मुलाला उत्तर देत होती.

अमेरिकेत, दुबईत, किंवा नुसतं नाशिकहून बंगळुरूला गेलेल्या लेकीकडे नातवंड असलेल्या आज्यांनो, हे तुमच्यासाठी. तुमचा व्हिडिओ कॉल वाया जात नाही. नातवानं चमचा दाखवला, तुम्ही म्हणालात, ‘अगंबाई, चमचा! काय खाल्लंस, वरणभात?’ आणि त्याच्या उत्तराची वाट पाहिलीत, तर ते मराठी त्याच्यापर्यंत पोचतं. बालरोगतज्ज्ञांनीही हा फरक मानला आहे. अमेरिकेतल्या संघटनेनं २०१६ मध्ये दीड वर्षापर्यंत पडदा टाळा, पण व्हिडिओ कॉल चालेल असं सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये वर्षाच्या आतल्या बाळांना पडदा नकोच म्हटलं. आपल्या इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा सल्ला आहे की दोन वर्षांपर्यंत पडदा नको, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल, आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत मोठ्यांच्या देखरेखीखाली दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

बोलणं शिकणं म्हणजे काय, हे या सगळ्यातून उलगडतं. बाळ कावळ्याकडे बोट दाखवून ‘आ’ करतं. आपण म्हणतो, ‘हो, काऊ. काऊ आला.’ ते पुन्हा ‘आ’ करतं. आपण पुन्हा म्हणतो. आपला शब्द त्याच्या बोटामागून, त्याच्या नजरेमागून येतो. फोनमधला कावळा कितीही रंगीत असला तरी बाळानं मांजराकडे बोट दाखवलं म्हणून तो ‘माऊ’ म्हणत नाही.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे पुन्हा सगळं आईवरच आलं. नाही, मैत्रिणींनो, आम्हाला हे मुळीच म्हणायचं नाही. हा इतिहास नीट पाहिला तर एक गोष्ट दिसते. आईकडे मदतीचे हात नव्हते, तिथंच ही दुकानं उभी राहिली. तिची उसंत हे तिचं गुपित पाप ठरलं आणि त्या पापावर ‘शैक्षणिक’ असा शिक्का मारून ते तिला परत विकलं गेलं. तव्यावर भाकरी आहे, घरात दुसरं कुणी नाही, आणि एखाद्या दिवशी पंधरा मिनिटं फोन दिला, तर ती पंधरा मिनिटं तुमच्या हातांसाठी होती असं सरळ म्हणा. त्याला शाळा म्हणू नका. शाळा म्हटलं की पंधराची पन्नास होतात, आणि पन्नास मिनिटं झाली तरी बरंच वाटत राहतं.

शिवाय बाळाला उत्तर द्यायला आईच लागते असं एकाही अभ्यासात म्हटलेलं नाही. सिएटलच्या बाळांशी मँडरिन बोलणाऱ्या बायका त्यांच्या आया नव्हत्या. त्या कर्णबधिर जोडप्याच्या मुलाला बोलतं केलं ते परक्या माणसांनी. म्हणजे बाबा चालतो, आजोबा चालतात, काकू, शेजारची ताई, अंगणवाडीच्या सेविकाताई, सगळे चालतात. घरात संध्याकाळी चार मोठी माणसं बसली आहेत आणि बाळाशी बोलण्याचं काम एकटीचं आहे, हे चित्र आधी बदलायला हवं. बाबांना हे भाषण जरूर ऐकवा.

आणखी एक साधी गोष्ट. २००९ मध्ये ख्रिस्ताकिस आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या अंगावर छोटी ध्वनिमुद्रण यंत्रं लावून दिवसभराचा आवाज टिपला. टीव्ही ऐकू येत असलेल्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानांवर पडणारे मोठ्या माणसांचे शब्द सरासरी ७७० नी कमी होत होते. टीव्ही मुलासाठी लावलेला असो की आपल्या मालिकेसाठी. मालिका पाहू नका असं आम्ही म्हणत नाही. पण कुणी पाहत नसताना उगाच बडबडणारा टीव्ही बंद केला, तर घरातली माणसं आपोआप बोलू लागतात. यासाठी जास्तीचा वेळ काढावा लागत नाही, की काही विकत आणावं लागत नाही. मटार सोलताना, कपडे वाळत घालताना, बसची वाट पाहताना जे हातात आहे त्याचं नाव घ्यायचं, बाळाकडे पाहायचं आणि क्षणभर थांबायचं. ते थांबणं विसरू नका. त्याची पाळी आहे ती.

एक काळजीची गोष्टही सांगायलाच हवी. मूल वर्षाचं झालं तरी नावानं हाक मारल्यावर वळत नाही, मोठ्या आवाजाला दचकत नाही, दीड वर्षाचं झालं तरी एकही शब्द नाही, तर फोनला दोष देत बसू नका. ‘बोलेल हळूहळू, याचा बापही उशिरा बोलला’ असं म्हणून वाटही पाहू नका. आधी त्याचे कान तपासून घ्या. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येऊन मुलांची तपासणी करतात, त्यांची तारीख सेविकाताईंना विचारा. ऐकू येण्याचा दोष जितका लवकर सापडेल तितकं मुलाचं भलं होतं. फोन बंद करून तो बरा होत नाही.

तर मैत्रिणींनो, तीन वर्षांच्या पुढच्या मुलाला चांगला कार्यक्रम दाखवलात, थोडा वेळ, शेजारी बसून, तर ते त्यातून शिकेल. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला मात्र पडद्यावरच्या बाईकडून फारसं काही मिळत नाही, कारण ती त्याला पाहू शकत नाही. पुढच्या वेळी शेजारीण नातवाच्या रंगांचं कौतुक सांगेल तेव्हा तिला विचारा, की फोन बंद झाल्यावर ‘बाळा, लाल चेंडू आण’ असं त्याला कोण म्हणतं? बहुतेक ती स्वतःच म्हणत असेल. मग शाबासकी तिला द्या.